माहेरी आलेलं मारवेल

८ जानेवारी

डेअरीतून यायला उशीर. सुट्टी झाली की एमआयडीसीच्या गेटवर मोटारसायकलींचा नुसता लोंढा, त्यात माझी स्कूटी. लॅबमध्ये आज एका टँकरचं दूध नासलेलं निघालं, परत पाठवलं, तर ड्रायव्हर असा बघत होता जणू मीच त्यात लिंबू पिळलं.

घरी आले तर आबा ओट्यावर. माझे सासरे. रोज संध्याकाळी माळाकडे तोंड करून बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर आलेलं माणूस आवाजावरून ओळखतात, पण तोंड माळाकडेच.

"आलीस व्हय वैशाली? माळावर गवत किती हाय गं?"

"मांडीएवढं हाय आबा. वाळलंय, पण उभं हाय."

"मारवेल हाय का नुसतं कुसळच?"

"मारवेलच जास्ती."

मान डोलावली. खूश झाले. मी आत जाऊन भाकरी थापायला घेतल्या. माळावर गवताची काडी नाही. माळच नाही, खड्डा आहे.

९ जानेवारी

वि.शी भांडण. (विलास. तोंडावर 'अहो', इथे नुसता वि. एवढं तरी स्वातंत्र्य असू दे.)

विषय जुनाच. दोन वर्षांपूर्वी आबा चार महिने निरवांगीला राहायला गेले होते, आक्कांकडे. आक्का म्हणजे आबांची थोरली लेक, माझी नणंद. तेवढ्यात रस्त्याच्या ठेकेदाराने आमच्या माळाचा मुरूम मागितला आणि आम्ही दिला. आम्ही म्हणजे दोघांनी. सगळे म्हणत होते, माळच तर आहे, तिथे पिकतंय काय. जाताना सपाट करून देतो, वर माती पसरून देतो, असं ठेकेदार म्हणाला होता. रस्ता झाला, तो गेला. खड्डा राहिला. तीन बाजूंना उभ्या भिंती, चौथी बाजू उताराला उघडी. दर पावसाळ्यात भिंती ढासळतात, ओघळ पडतात आणि सगळा राडा खालच्या शेजारी पोपटतात्यांच्या कांद्यात.

आबा परत आले तोवर डोळे बरेच अधू झाले होते. कुणी सांगायचं? वि. म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, बाप तुमचा. अशीच दोन वर्षं गेली.

आज मी म्हटलं, आता तो माळ नीट करू या. तर म्हणतो, "खड्डा हाय त्यो. धोतर न्हाय, ठिगळ लावायला."

चिडले. पण हसू पण आलं, आणि हसू आलं म्हणून जास्त चिडले.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आबांनी चहा बशीत ओतला, तो बशीत नाही, पायावर. उकळता. ओरडले सुद्धा नाहीत, नुसते म्हणाले, "ऊन हुता व्हय गं." मलम लावताना मला रडू यायला लागलं आणि ते लपवायला मी रागावले.

"आबा, डोळ्यांचं करून टाकू या की आता. कितीसा वेळ लागतो!"

"नगं."

"पण का?"

"आता काय बघायचं ऱ्हायलंय? सगळं बघून झालंय."

गेल्या वर्षी थंडी होती. त्याच्या आधी म्हैस व्यायची होती. दर वेळी नवं कारण. भितात, दुसरं काय.

जेवणं झाल्यावर वि.ला म्हटलं, डोळ्यांचं व्हायलाच पाहिजे. आणि डोळे आले की ते पहिलं बघणार माळाकडे. वि. बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला. मग म्हणाला, रविवारी जाऊन बघू.

२१ जानेवारी

रविवार. दोघं माळावर. दोन वर्षांत मी इथे नीट आलेच नव्हते, लांबूनच मान वळवून जायचे.

उभी पिवळी भिंत, पोकलेनच्या दातांचे ओरखडे तसेच. तळाला साठलेलं पाणी आटून चिखलाला भेगा. उघड्या बाजूने ओघळ उतरलेत, एका ओघळात मी कमरेपर्यंत बुडाले. काठावर एक हिवर मुळं उघडी टाकून अर्धा लटकलाय. तोच हिवर. आबा त्याच्याखाली बसून भाकरी खायचे, मी नवी नवरी असताना डोक्यावरून डबा घेऊन यायचे.

वि. म्हणाला, "आपुन कसं गं दिलं हे?" मी त्याचा हात धरला. रानात कधी धरत नाही.

४ फेब्रुवारी

जेसीबी आला. उभ्या भिंती फोडून उतार करायचा, निघालेल्या दगडांच्या आडव्या ताली रचायच्या, म्हणजे माती अडेल. घरापर्यंत घरघर ऐकू येत होती.

"कशाचा आवाज हाय?"

"पोपटतात्यांची विहीर खोल करत्यात, आबा."

खोटं बोलताना मी आता अडखळत पण नाही. मग धावत पोपटतात्यांकडे, त्यांना त्यांच्या विहिरीची बातमी द्यायला. म्हटलं, तात्या, तुम्ही रोज आबांजवळ गप्पा मारत बसता, यातलं काही बोलू नका हं.

"न्हाय गं बाय. माझ्या तोंडाला कुलूप हाय."

११ फेब्रुवारी

पाझर तलावाचा गाळ आणला. ट्रॅक्टरच्या खेपांवर खेपा, वि.चा चेहरा धुळीने असा झालाय की फक्त दात दिसतात. तोडलेल्या उतारावर गाळ पसरला आणि मग वि.ने स्वतः सऱ्या सोडल्या. वरच्या काठापासून थेट खालपर्यंत, काय सरळ! दोरी धरल्यासारख्या. जन्म उसात गेलाय त्याचा, हाताला सवयच आहे. मी मोबाइलवर फोटो काढला, आक्कांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांना सगळं माहीत आहे, त्यांनाही बोलायचं नाही अशी शपथ घातली आहे.

वि. मागे सरून सऱ्यांकडे बघत होता. खूप दिवसांनी खूश दिसला. मलाही तो आवडला आज.

१६ फेब्रुवारी

बॉम्बच. सकाळी आबा चूळ भरता भरता म्हणाले, "डोळ्याचं बघा आता काय त्ये."

मी आणि वि. एकमेकांकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मिनतवाऱ्या केल्या, आणि आता, माळ उघडा पडलेला असताना, यांना डोळे हवेत! आनंद व्हायला पाहिजे होता. मी आधी मान वळवून माळाकडे बघितलं.

"लगीच न्हाय म्हणत," आबा म्हणाले. "पर करू."

२० फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर, बारामती. मोतीबिंदू दोन्हीकडे भरपूर पिकलाय. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा. पण आबांची साखर वाढलेली, ती खाली आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. उन्हाळा तरी जाईल.

मी डॉक्टरांसमोर तोंड पाडलं आणि मनातून सुटकेचा श्वास सोडला. अशी सून. देवा.

येताना आबा गाडीत म्हणाले, "साखर म्हंजी चहा बंद?"

"गुळाचा सुद्धा बंद."

"मग ऊस कशाला लावतो आपुन?"

१२ मार्च

कारखान्याची मळी आणून सऱ्यांत पसरली. उसाचा रस गाळून उरलेला तो काळा चोथा, जमिनीला भारी, वासाला त्याहून भारी. वारा नेमका घराकडे.

आबा ओट्यावर नाक उडवत, "यंदा उसाला लई मळी घातली वाटतं इलासनं."

"व्हय आबा."

"ऊस तर पूर्वेला हाय. वास पश्चिमेकडनं येतोय."

"वारा फिरलाय आबा."

"फिरल, फिरल," म्हणाले. आणि तोंडातल्या तोंडात हसले असं मला वाटलं. उन्हामुळे असेल.

१९ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव. अर्धा तासच, पण धुवांधार. लॅबमध्ये पत्रा वाजायला लागला तेव्हाच माझ्या काळजाचं पाणी. आज पहाटे दोघं माळावर.

काही उरलं नाही. वि.च्या त्या दोरीसारख्या सऱ्या, प्रत्येक सरीचा ओघळ झालाय. पाणी वरून निघालं ते थेट पळत खाली, वाटेत गाळ घेतला, मळी घेतली, दगडी ताली दोन ठिकाणी ढकलून पुढे गेलं. खाली पोपटतात्यांचं रान काळंभोर.

तात्या बांधावर उभे. मला वाटलं, आता शिव्या.

"सूनबाई, तुमची मळी आली बरं का आमच्यात. पसराय माणूस सुदिक लागलं न्हाय."

मग वि.कडे वळून, जरा हळू आवाजात, "इलास, तू हितं ऊस लावणार हायस का?"

"न्हाय."

"मग सरी उताराला कशापाय सोडली? उसाला पाणी पळवायचं असतं. हितं काय पळवायचं हुतं?"

फोटो मीच काढला होता, वाहवा मीच केली होती, आक्कांनी अंगठा दिला होता. उसाच्या घरात आम्ही सगळे इतके मुरलोय की सरी म्हटली की उताराला, दुसरं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तात्यांच्याही आधी आलं नसणार. फेब्रुवारीत रोज बांधावरून बघत होते तेही.

२० एप्रिल

वि. जेवला नाही. गोठ्यात जाऊन वासराला खाजवत बसला. ताट घेऊन गेले. म्हणाला, "माझ्याच्यानं व्हणार न्हाय. आबास्नी सांगून टाक खरं काय त्ये."

त्याच्याच शेजारी गवतात बसले. म्हटलं, तुम्ही एवढ्या खेपा केल्या, तुमच्या दातांशिवाय काही दिसत नव्हतं, ते मला दिसलं नाही का? आता पुन्हा करू. आडव्या. एक घास मी भरवला, दुसरा त्याने स्वतः खाल्ला. वासराने तिसरा.

फार जीव आहे माझा याच्यावर. रोज सांगत नाही.

२७ एप्रिल

आडवी सरी म्हणायला सोपी. उतारावर सपाट रेघ डोळ्याला कळतच नाही, बोटभर कलली की पाणी तिकडून निसटणार. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी आणली. लांबलचक पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली. एक टोक वि.कडे, एक माझ्याकडे. दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर आलं की दोघं सम पातळीत.

"वर सरक!"

"तुम्ही खाली या!"

"खाली न्हाय, वर!"

"माझी खूण जुळली, तुमची नाही जुळत!"

सकाळभर हेच. बांधावरून जाणाऱ्या बायका हसायला लागल्या. पण एकेका जागी दोन्ही टोकांचं पाणी थरथरत खुणेवर येऊन थांबायचं, आम्ही दोघं श्वास धरून, मग वि. पायापाशी फक्की टाकायचा. उन्हात ती पांढरी रेघ माळाला वळसा घालत गेली. सरळ अजिबात नाही. सापासारखी वाकडी. वि.ला पहिल्यांदा कसंतरीच झालं. जन्मात कधी अशी वाकडी सरी सोडली नाही म्हणाला.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमचं इतक्या वेळा एकमत आजच झालं.

४ मे

आडव्या सऱ्या झाल्या, ताली पुन्हा रचल्या. हिवराच्या मुळांवर माती ओढली, खालून दगड लावले. आता गवत. बियाणं कुठून आणायचं ते मी विचारत होते, डेअरीच्या चारा विभागातल्या माणसाने दोन-तीन नावं सांगितली.

संध्याकाळी आबा ओट्यावर. "गवत किती हाय गं?"

"आता उन्हाळा आबा. खुरटलंय."

मग म्हणाले, "आक्काला फोन लाव. तिला म्हणावं, पाऊस पडल्यावर येताना बांधावरचं मारवेल घिऊन ये. इळ्यानं कापून नगं. ठोंब आण. मुळासकट."

मी चहा गाळत होते. गाळणं घेऊनच बाहेर आले.

"ठोंब कशाला आबा?"

"लावायला."

"पण आपल्या माळावर तर..."

"तू म्हणतीस की, हाय. मग आनिक जरा आलं तर काय वंगाळ हाय का?"

आणि तोंड माळाकडे.

५ मे

रात्रभर नीट झोप नाही. सकाळी वि. रानात गेल्यावर आबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, आबा, तुम्हाला माहीत आहे.

"काय?"

"माळाचं."

"व्हय."

"कधीपासून?"

"निरवांगीवरनं आलो त्याच दिशी. पोपट्यानं सांगितलं."

त्याच दिवशी! दोन वर्षं! आणि मी रोज मांडीएवढं, गुडघ्याएवढं, यंदा जरा कमी, यंदा तुरे आलेत... एकदा तर मी चंडोलाचं घरटं पण सांगितलं होतं, दोन अंडी घालून.

"मग मला रोज विचारायचात कशाला?"

आबा हसले. "तू लई ग्वाड सांगायचीस. ऐकलं की बरं वाटायचं."

मी रडायला लागले. मग त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रागावला नाहीत आमच्यावर?"

"रागावलो की. लई. इलासचं तोंड बघायचं न्हाय म्हणत हुतो. तसंबी दिसत नव्हतंच."

मग हळूच म्हणाले, "डोळं नगं म्हणत हुतो ते त्याच्यापायीच. डोळं आलं की बघावं लागंल. माझ्या डोळ्यात हाय त्यो माळ चांगला हुता." थोड्या वेळाने, "फेब्रुवारीत पोपट्या म्हणला, पोरं माळावर राबत्यात. तवा म्हणलं, करू मग डोळं."

म्हणजे आम्ही लपवायला धडपडत होतो आणि ते त्याचसाठी तयार झाले होते. आणि पोपटतात्यांचं ते कुलूप!

वि.ला सांगितलं. तो थेट ओट्यावर गेला, आबांच्या पायाशी बसला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं. भांडी घासत बसले, घासलेलीच.

१४ जून

पाऊस झाला. फार नाही, पण आडव्या सऱ्यांत पाणी थांबलं. नुसतं थांबलं, कुठे गेलं नाही. वि. सकाळी उकिडवा बसून त्या पाण्याकडे बघत होता, मी हाक मारली तरी उठेना.

दुपारी आक्का आल्या, एसटीने. दोन ओली पोती, त्यात मारवेलाचे ठोंब, मुळांना निरवांगीची काळी माती. कंडक्टरने तिकीट मागितलं म्हणे पोत्यांचं. आक्का म्हणाल्या, "माहेरी निघालंय त्ये, त्याला कसलं तिकीट."

गोष्ट मला आजच कळली. आक्का नव्या सासरी गेल्या तेव्हा तिथे म्हशीला हिरवं गवत नव्हतं, सासू टोमणे मारायची, आक्कांनी निरोप धाडला की आबा, येऊन जा. आबा गेले ते डोक्यावर पोतं घेऊन. घरातल्या बायकांना वाटलं, साड्या आणल्या. पोत्यात माळावरचं मारवेल.

"सगळ्यांचं बाप लुगडी घिऊन यायचं," आक्का म्हणाल्या. "माझा बाप गवत! चार दिस कुणासमोर गेली न्हाय मी लाजंनं."

"आन् बांधावर लावलं कुणी?" आबा.

"तुमीच. मला दारात बसून रडू दिलं आन् तुमी बांधावर ठोंब लावत बसला."

तेच गवत आहे हे. आमच्या माळाचंच. खणून नेलेल्या मातीत एक मूळ उरलं नाही, पण निरवांगीच्या बांधावर सगळं जिवंत. मला असं भरून आलं की मी उगाचच आक्कांना आणखी पोळी वाढली.

१५ जून

लागण. मी रजा टाकली. आक्का म्हणाल्या, रिकाम्या हाताने कसं लावायचं, माहेरी आलेल्याची ओटी नको का? हळदकुंकू, मूठभर तांदूळ, खणाचा तुकडा. पोत्याची ओटी भरली आम्ही दोघींनी. वि. हसत होता, पण चपला काढून उभा राहिला होता.

मग एकेक ठोंब सोडवून सरीच्या वरच्या अंगाला. आक्कांचे गुडघे दुखतात, तरी उठेनात. पोपटतात्या पण आले. मी म्हटलं, तात्या, कुलूप सापडलं का? म्हणाले, "किल्ली आबांपाशी हुती गं." वर आणि इतके लागले कामाला की मला पुढे काही बोलताच आलं नाही.

संध्याकाळी रिमझिम. सगळे ओले, चिखलाने भरलेले. आबा घरी, ओट्यावर. आक्कांनी सांगितलं, लावलं सगळं. आबांनी नुसते त्यांचे चिखलाचे हात हातात धरून ठेवले.

२० जून

साखर उतरली आणि काल ऑपरेशन झालं, उजवा डोळा. पट्टी काढल्यावर पहिलं मला बघितलं. "वैशाली, तू म्हातारी झालीस की गं!"

डॉक्टरांसकट सगळे हसले. मी पण. घरी येऊन आरसा बघितला मात्र.

३० जून

डॉक्टरांनी परवानगी दिली. आबांना काळा चष्मा घालून माळावर नेलं, वि.ने हाताला धरून. काठावर उभे राहिले. चष्म्याआड काय चाललंय कळेना. मी आणि वि. शाळेतल्या पोरांसारखे बाजूला उभे.

आबांनी काठावरचा मुरूम पायाने चाचपला.

"लई खोल न्हेलं रं," एवढंच म्हणाले. वि.ची मान खाली. मला वाटलं, चूक केली, आणायलाच नको होतं.

मग आबा हळूहळू खाली उतरले. वाकड्या सरीच्या कडेने चालत गेले, शेवटपर्यंत. ठोंब काही पिवळे पडलेत, काही गेलेच. काहींना बारीक हिरवा कोंब. आबा वाकले, एका कोंबाला बोट लावलं.

"ह्या सऱ्या कुणी धरल्या?"

"म्या," वि. म्हणाला. "आडव्या."

"पैल्यांदा उभ्या धरल्या हुत्यास म्हणं."

पोपटतात्या! वि. लाजून हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, आधारासाठी की कशासाठी, आणि तसेच हिवरापर्यंत गेले. तिथे बसले दोघं. मी डबा आणायला घरी आले.

५ जुलै

डोळ्यांचे डॉक्टर. उजवा छान. डाव्यासाठी पुढची तारीख द्यायला लागले, तर आबा म्हणाले, "त्याची घाई न्हाय."

"आजोबा, तो डोळा फार पिकलाय. उशीर केला तर त्रास होईल, नजर यायची पण खात्री नाही."

"आसू द्या. ह्या डोळ्यानं खड्डा बघितला. डावा गवतासाठनं ठिवलाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? बाहेर येऊन वि.ने समजावलं, मी रागावले, गाडीत फोनवर आक्का रडल्या. उपयोग शून्य. उतार गवताने झाकायला दोन पावसाळे तरी जातील. डोळा तेवढा थांबेल का, माहीत नाही. आबा थांबतील का, हे तर मी मनात सुद्धा पुरतं म्हणत नाही. दिवाळीनंतर पुन्हा विचारू असं वि. म्हणतो. मी म्हणते, उद्याच.

पाऊस पंधरा दिवस नाही. टँकरने पाणी घालतोय, सरीत एकेक बादली.

संध्याकाळी आले तर आबा ओट्यावर. काळा चष्मा, तोंड माळाकडे.

"गवत किती हाय गं?"

या वेळी खरं सांगितलं. "करंगळीएवढं, आबा. मधी मधी हाय. सगळीकडं न्हाय अजून."

"व्हय," आबा म्हणाले. "दिसतंय की मला हितनं. हिरवं झालंय सगळं."

त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्याच रोखाने बघितलं. माझ्या दोन्ही चांगल्या डोळ्यांना इथून नुसती माती दिसत होती.

"व्हय आबा," म्हटलं.